विद्युत रोध व विद्युत शक्तीचे गणन

विद्युत रोध आणि विद्युत शक्ती या दोन राशी परिपथातील विभवांतर व विद्युतधारा यांच्या मोजमापावरून काढता येतात. विभवांतरास व्यवहारात दाब किंवा व्होल्टेज म्हणतात. त्याचे एकक व्होल्ट आहे. विद्युतधारेचे एकक ॲम्पिअर, रोधाचे ओहम आणि शक्तीचे वॅट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मोठी वीजनिर्मिती केंद्रे आहेत आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्याही आहेत. वीजवहनाच्या या दोन्ही टोकांना हेच गणित लागू पडते.

सूत्रे

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना वाहकातील विद्युतधारा विभवांतराच्या समानुपाती असते. त्यावरून पुढील सूत्रे मिळतात :

• रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
• शक्ती = विभवांतर × विद्युतधारा
• शक्ती = विद्युतधारेचा वर्ग × रोध
• शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

घरगुती उदाहरण

२३० व्होल्ट दाबावर एखादा गिझर १० ॲम्पिअर विद्युतधारा घेत असल्यास त्याचा रोध २३ ओहम व शक्ती २,३०० वॅट होते. तो सलग एक तास चालल्यास २.३ युनिट वीज खर्च होते. दाब १८४ व्होल्टपर्यंत घसरल्यास विद्युतधारा ८ ॲम्पिअर व शक्ती १,४७२ वॅट उरते. दाब २० टक्क्यांनी उतरला, तरी शक्ती ३६ टक्क्यांनी घटते.

वाहिनीतील घट

रोहित्रापासून दूरच्या वाडीपर्यंत जाणाऱ्या तारांनाही रोध असतो व तो लांबीच्या प्रमाणात वाढतो. जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा एकूण रोध १ ओहम मानल्यास १० ॲम्पिअर विद्युतधारेला १० व्होल्ट दाब घटतो व १०० वॅट शक्ती उष्णतेत वाया जाते. विद्युतधारा २० ॲम्पिअर झाल्यास घट २० व्होल्ट, तर अपव्यय ४०० वॅट होतो. त्यामुळे एकाच वेळी अनेक उपकरणे चालू असताना वाहिनीच्या शेवटच्या घरात दाब सर्वांत कमी मिळतो.

कमी दाबाचा परिणाम वीजपंपावर वेगळा होतो. पाणी उपसण्याचा भार तसाच राहत असल्याने मोटर अधिक विद्युतधारा खेचते. ती २५ टक्क्यांनी वाढल्यास वेटोळ्यातील उष्णता सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते व वेटोळे जळण्याचा धोका निर्माण होतो.

उच्च दाबाचे पारेषण

कोयना जलविद्युत प्रकल्पाचे पोफळी येथील भूमिगत वीजगृह चिपळूण तालुक्यात आहे, तर गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांतील वीज रोहित्रांद्वारे दाब वाढवून दूरवर पाठवली जाते. सोप्या गणनेत, १०० मेगावॅट शक्ती १०० किलोव्होल्ट दाबावर वाहून नेण्यास १,००० ॲम्पिअर लागतात. ४०० किलोव्होल्टवर २५० ॲम्पिअर पुरतात. तारेचा रोध तोच असल्यास अपव्यय सोळाव्या भागावर येतो.

मर्यादा

ही सूत्रे एकदिश प्रवाहाला, तसेच गिझर किंवा इस्त्रीसारख्या तापक उपकरणांना थेट लागू पडतात. प्रत्यावर्ती प्रवाहावरील मोटरीसाठी विभवांतर व विद्युतधारेच्या गुणाकारास शक्ती गुणकानेही गुणावे लागते. तापमानानुसार रोध बदलतो : तंतूच्या दिव्याचा थंड अवस्थेतील रोध तापलेल्या अवस्थेपेक्षा बराच कमी असतो, म्हणून दोन्ही मोजमापे उपकरण चालू असताना एकाच वेळी घ्यावी लागतात.