निर्देशांक मापन यंत्रावरील संरेखन

संरेखन म्हणजे निर्देशांक मापन यंत्राच्या टेबलावर ठेवलेला भाग अवकाशात नेमका कोठे आणि कोणत्या दिशेने आहे, हे यंत्राच्या संगणकाला कळवण्याची क्रिया होय. कारखान्यांत तिला सर्रास ‘अलाइनमेंट’ म्हणतात आणि यंत्राला ‘सीएमएम’. यंत्राला स्वतःचे क्ष, य आणि झ असे तीन अक्ष असतात. ड्रॉइंगवरील मापे मात्र भागाच्या स्वतःच्या पृष्ठांपासून दिलेली असतात. या दोन निर्देशांक पद्धतींची सांगड घातल्याखेरीज घेतलेल्या मापांना अर्थ नसतो.

पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधील फेरांटी कंपनीने १९५० च्या दशकात या प्रकारचे आरंभीचे यंत्र तयार केले. त्या काळी भाग टेबलावर हातानेच अक्षांशी समांतर करावा लागे. १९७२ मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातील नळ्या मोजण्यासाठी स्पर्श-प्रोब तयार केला. प्रोबला संगणकाची जोड मिळाल्यावर भाग वाकडा ठेवला तरी चालू लागले, कारण सरळ करण्याचे काम आता गणित करते. भाग घट्ट बसवण्याची गरज मात्र तशीच राहिली.

३-२-१ पद्धत

मोकळ्या वस्तूला सहा प्रकारे हलता येते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. पहिल्या पृष्ठावरील तीन बिंदूंनी प्रतल ठरते आणि यांपैकी तीन हालचाली बंद होतात. दुसऱ्या पृष्ठावरील दोन बिंदूंच्या रेषेने आणखी दोन, तर तिसऱ्या पृष्ठावरील एका बिंदूने उरलेली एक हालचाल बंद होते. तीन, दोन आणि एक हे किमान आकडे आहेत. तीन बिंदूंतून प्रतल नेहमीच जाते, त्यामुळे पृष्ठ सपाट नसल्याचे त्यातून कधीच कळत नाही. म्हणून प्रत्यक्षात अधिक बिंदू घेतात आणि ते शक्य तितके दूर पसरवतात. रेषेचे दोन बिंदू ५० मिमी अंतरावर असतील आणि एकात ०.००५ मिमीची चूक असेल, तर ५०० मिमी अंतरावर ती ०.०५ मिमी होते.

हे संरेखन बहुधा दोनदा करतात. प्रथम जॉयस्टिकने थोडे बिंदू घेऊन अंदाजे, मग त्याच पृष्ठांवर यंत्राकडून आपोआप, अधिक बिंदूंनी.

क्रमाचे महत्त्व

ड्रॉइंगवर डेटम अ, ब, क असे क्रमाने दिलेले असतात आणि तो क्रम ऐच्छिक नसतो. समजा, एका ठोकळ्याची उभी बाजू तळाशी काटकोनात नसून १०० मिमी उंचीत ०.०५ मिमी कललेली आहे. तळ पहिला डेटम धरला तर बाजूचा दोष बाजूपुरताच राहतो. उभी बाजू पहिली धरली तर संगणक सगळा ठोकळाच फिरवतो आणि कोपऱ्यापासून ३०० मिमीवरील भोक ०.१५ मिमी वर किंवा खाली असल्याचे दाखवतो. भाग तोच, यंत्र तेच. पण अहवाल वेगळा. चांगला माल नाकारला जाण्याचे किंवा खराब माल पुढे जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. जोडणीत भाग ज्या पृष्ठावर बसतो, ते पृष्ठ साधारणतः पहिला डेटम असते.

इतर पद्धती

गिअरबॉक्सच्या कवचासारख्या भागात एक प्रतल आणि दोन भोके वापरतात. पत्र्याच्या वक्र भागांसाठी ठरावीक संदर्भबिंदू घेऊन गणना पुन्हापुन्हा करतात. ‘बेस्ट फिट’ पद्धतीत सर्व बिंदू आराखड्याशी जास्तीत जास्त जुळवले जातात. ओतीव भागात यंत्रणासाठी पुरेसा धातू आहे का, हे पाहण्यास ती उपयुक्त ठरते. पण ड्रॉइंगवर डेटम असताना ती वापरणे चुकीचे आहे. चार भोकांपैकी एकच ०.२ मिमी सरकले असेल, तर ही पद्धत ती चूक चौघांत वाटते आणि सदोष भोक प्रत्यक्षापेक्षा बरे दिसते.

तापमान

मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. ठाण्यात खोपटनजीकच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत उन्हाळ्यात यंत्रशाळेतून आणलेला भाग ३० अंशांहून अधिक तापलेला असू शकतो. ३०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग दहा अंशांच्या फरकाने सुमारे ०.०७ मिमी आणि पोलादाचा सुमारे ०.०३५ मिमी लांब होतो. असा भाग वातानुकूलित खोलीत लगेच मोजायला घेतला, तर तो मापन चालू असतानाच आकसतो आणि आरंभी पकडलेले डेटम शेवटच्या मापापर्यंत जागेवर राहत नाहीत. लांबलेल्या मापनाच्या अखेरीस डेटम पुन्हा मोजून पाहिल्यास हे सरकणे लक्षात येते.