बशीतला हार्ट अटॅक

हृदयाचा रक्तपुरवठा तुटला की पेशींचं नेमकं काय होतं? हे पाहायला कुणाचं हृदय बंद पाडता येत नाही, म्हणून तो प्रसंग प्लॅस्टिकच्या बशीत घडवतात. अशा प्रयोगांसाठी देशभर पेशी पुरवणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र.

बशीत रक्तवाहिनीच नसते, मग अडवायचं काय? पेशींना साखर नसलेलं द्रावण द्यायचं, हवाबंद डब्यात ठेवायचं आणि आत ९५ टक्के नायट्रोजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडायचा. एवढ्यावर भागत नाही. रक्त थांबलं की कचराही जागच्या जागी साचतो, म्हणून काही प्रयोगांत लॅक्टेट आणि पोटॅशियम वाढवून द्रावण मुद्दाम आंबट करतात.

त्यात बशीचं प्लॅस्टिकही दगा देतं! त्यात मुरलेला ऑक्सिजन हळूहळू बाहेर येत राहतो.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती अगदी स्वस्तातली. पेशींवर काचेची पातळ कव्हरस्लिप ठेवायची. मधल्या पेशी गुदमरतात, काचेबाहेरच्या मजेत असतात. आजारी आणि धडधाकट, दोन्ही एकाच बशीत.

आणि ऑक्सिजन परत दिला की सगळं ठीक? छे! तो परत येतानाच पेशींना आणखी एक तडाखा बसतो. हृदयविकारावरच्या संशोधनातलं हे मोठं कोडं आहे.

बशीतला ऑक्सिजन घालवायच्या कामी तो शोषून घेणारी एक पावडरही येते, सोडियम डायथायोनाइट. नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. पारोळ्याच्या बाजारात उजळ पिवळाधमक गूळ दिसतो ना? तसा रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांत जे ‘हायड्रोस’ टाकतात, ते हेच.

हीच पावडर खानदेशाच्या फार कामाची आहे. इथल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आढळतो. ऑक्सिजन कमी पडला की या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. सोल्युबिलिटी चाचणीत डायथायोनाइटच्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकतात. द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकलचा संशय पक्का. आजारी की नुसता वाहक, हे मात्र पुढच्या तपासणीत कळतं.

आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी ही चाचणी करून घ्या.