परवाना आणि किल्ली

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटण्याच्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्री आम्हांस भेटावयास आल्या. त्यांच्या हातांतील कापडी पिशवींत जपून गुंडाळलेला लॅपटॉप होता. दोन वर्षें शिवणकाम करून व भिशींत पैसे टाकून त्यांनीं तो मुलासाठीं घेतला होता. "सर, दुकानदारानें सारें आंत घालूनच दिलें होतें. वेगळे पैसे कांहीं लागणार नाहींत म्हणाला. आतां आंतलें एकही चित्र उघडत नाहीं. सासूबाईंचे शेवटचे फोटो त्यांतच होते हो," असें म्हणून त्यांनीं तें यंत्र आमच्या मेजावर ठेविलें.

चौकशी करितां हकीकत कळली ती अशी. घेतल्यापासून कांहीं महिन्यांनीं पडद्याच्या कोपऱ्यांत 'विंडोज सक्रिय करा' अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें उमटूं लागलीं. मुलानें एका मित्राकडून एक लहानशी आज्ञावली आणिली. विषाणूप्रतिबंधक पहारा आधीं बंद करावा, अशी तिची सूचना होती. मुलानें तो बंद केला. कोपऱ्यांतील अक्षरें नाहींशीं झालीं व घरांत सर्वांस आनंद झाला. आठवड्याभरानें मात्र सर्व फायलींना कुलूप लागलें आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली.

आम्हीं त्या मुलास जवळ बोलावून विचारलें, "बाळ, दुसऱ्याची वस्तु आपण घेत आहोंत, असें तुला वाटलें नाहीं का?" तो म्हणाला, "नाहीं सर. कुलूप होतें, मित्राकडे किल्ली होती. लाविली आणि उघडलें." मुलगा खोटें बोलत नव्हता. त्याच्या या उत्तरांतच साऱ्या घोटाळ्याचें मूळ आहे, आणि तो घोटाळा अनेक सुशिक्षित घरांतूनही आढळतो. म्हणून सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे काय व त्याचें सक्रियण म्हणजे काय, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपण विकत काय घेतों, तें पाहूं. दुकानांतून पुस्तक आणिलें म्हणजे त्याचे कागद व बांधणी आपल्या मालकीचीं होतात. तें आपण धाकट्या भावास देऊं शकतों, वाटल्यास रद्दींतही विकूं शकतों; फक्त त्याच्या नव्या प्रती छापण्याचा हक्क आपणांस मिळत नाहीं. सॉफ्टवेअरची, म्हणजे संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञावलीची, गोष्ट याहून थोडी निराळी आहे. ती चालवावयाची म्हणजे तिची प्रत संगणकांत उतरवावीच लागते. ही प्रत क्षणांत होते, तिला खर्च जवळजवळ नसतो, आणि दहावी प्रत पहिलीइतकीच चोख असते. म्हणून तिचा कर्ता बहुधा ती वस्तु न विकतां ती वापरण्याची परवानगी विकतो. हीच परवानगी म्हणजे परवाना.

आपल्या विद्यार्थ्यांना याचा उत्तम दाखला रेल्वेच्या पासांत सांपडेल. पास काढल्यानें आगगाडी आपली होत नाहीं. ठराविक नांवाच्या मनुष्यानें, ठराविक स्थानकांच्या दरम्यान, ठराविक तारखेपर्यंत प्रवास करावा, एवढीच ती अनुज्ञा असते. आज्ञावली बसवितांना पडद्यावर जो लांबलचक मजकूर येतो, आणि जो न वाचतांच आपण 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवितों, तो या पासावरील अटींसारखा असतो.

ही पद्धत प्रथमपासून नव्हती. पूर्वीं प्रचंड संगणक विकणाऱ्या कंपन्या आज्ञावली यंत्राबरोबरच देत असत. १९६९ सालीं आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीनें आज्ञावलींची किंमत वेगळी आकारण्याचें जाहीर केलें. पुढें १९७५ मध्यें ऑल्टेअर नांवाचा लहान संगणक हौशी लोकांच्या घरीं आला. त्याच्यासाठीं बिल गेट्स व त्यांच्या सोबत्यांनीं बेसिक भाषेची आज्ञावली रचिली होती. ती कागदी पट्टीवर भोंकें पाडून नोंदलेली असे, आणि त्या पट्टीच्या प्रती करून कॅलिफोर्नियांतील हौशी मंडळींनीं त्या एकमेकांस वाटल्या. तेव्हां ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेच्या एका खुल्या पत्रांत गेट्स यांनीं तक्रार केली, कीं बहुतेक वापरणारे मोबदला देत नाहींत. मग चांगलें काम कोणी कशासाठीं करावें? या प्रश्नावरील वाद तेव्हांपासून आजतागायत चालू आहे.

मोबदला बुडूं नये म्हणून निरनिराळीं कुलुपें निघालीं. महाराष्ट्रांतील जुन्या अक्षरजुळणीकारांना आठवत असेल, कीं मराठी अक्षरांच्या कित्येक आज्ञावलींबरोबर बोटाएवढें एक साधन मिळे, व तें संगणकाच्या पाठीमागें खोंचल्यावांचून मजकूर जुळवितां येत नसे. तें हरवलें तर काम थांबे. घरगुती संगणकांस असें साधन देणें गैरसोयीचें. म्हणून दुसरी युक्ति निघाली. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्स्पी या प्रणालीपासून ती घरोघरीं परिचित झाली. तिचेंच नांव ॲक्टिव्हेशन, म्हणजे सक्रियण.

तिची रीत अशी. प्रत्येक परवान्याबरोबर पंचवीस अक्षर-अंकांची एक खूण मिळते. तिला प्रॉडक्ट की म्हणतात. संगणकाचे भाग, म्हणजे प्रोसेसर, डिस्क, स्मृति, जाळ्याशीं जोडणारें कार्ड इत्यादि, यांच्यावरून आज्ञावली एक संख्या तयार करिते. ही संख्या म्हणजे त्या यंत्राचा जणूं अंगठाच. ही खूण व हा अंगठा कंपनीच्या सर्व्हरकडे जातात. खूण खरी आहे कीं नाहीं व तिच्यावर पूर्वीं किती यंत्रें नोंदलेलीं आहेत, हें तो पाहतो. सर्व ठीक असल्यास संमति परत पाठवितो. एक्स्पीच्या काळीं ज्यांच्याकडे इंटरनेट नसे, ते दूरध्वनीवर पन्नास अंक वाचून दाखवीत व पलीकडून मिळालेले अंक यंत्रांत भरीत. ३० दिवसांत हें न केल्यास यंत्र पुढें काम करूं देत नसे. विंडोज १० व ११ या प्रणाली इतक्या कठोर नाहींत. त्या चालत राहतात, परंतु कोपऱ्यांत सूचना उमटते व पार्श्वचित्र बदलण्यासारख्या कांहीं सोयी मिळत नाहींत. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून अनेक तयार संगणकांच्या मुख्य पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवर, ही खूण कारखान्यांत नोंदलेली असते; त्यामुळें घरीं कांहींच भरावें लागत नाहीं.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. परवाना हा हक्क आहे. सक्रियण ही त्या हक्काची तपासणी आहे. एक घराच्या खरेदीखतासारखा, तर दुसरें दाराच्या किल्लीसारखें. सामान्यतः दोन्ही एकत्र असतात, म्हणून तीं एकच आहेत असें वाटतें. परंतु त्यांची फारकत होऊं शकते.

कधीं हक्क असूनही किल्ली लागत नाहीं. रोख पैसे देऊन परवाना घेतलेल्या गृहस्थाच्या संगणकाचा मदरबोर्ड जळतो, नवा बसवितांच अंगठा बदलतो, आणि यंत्र म्हणतें, 'मी तुम्हांस ओळखत नाहीं.' अशा वेळीं पावती जपून ठेविली असेल तर हक्क सिद्ध करितां येतो.

उलटपक्षीं, किल्ली लागते पण हक्क नसतो. मोठ्या संस्थांकरितां अशी सोय असते, कीं त्यांच्या शेंकडों संगणकांनीं कंपनीकडे न जातां संस्थेच्याच सर्व्हरकडून संमति घ्यावी व ती १८० दिवसांच्या आंत पुन्हां पुन्हां ताजी करावी. लबाड लोकांनीं या सर्व्हरचें सोंग घेणाऱ्या लहान आज्ञावली रचिल्या आहेत. भोळें यंत्र त्यांस फसतें व 'सक्रिय' म्हणून सांगतें. आमच्या विद्यार्थ्यानें आणिलेली किल्ली याच जातीची होती. घरच्या संगणकाच्या सेटिंग्जमध्यें 'ॲक्टिव्हेशन' या पानावर 'आपल्या संस्थेच्या सेवेद्वारें सक्रिय' अशा अर्थाचें वाक्य दिसलें, तर ही संस्था कोणती, असा प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावा. यंत्र एखाद्या कचेरीनें दिलेलें असल्यास तें योग्यच आहे. नसल्यास दाळींत कांहीं काळें आहे.

अशा किल्लीचा धोका दुहेरी असतो. जी आज्ञावली आरंभींच पहारेकऱ्यास झोंपवावयास सांगते, ती आपल्यामागून आणखी कोणास घरांत घेईल याचा नेम नाहीं. शिवाय फसवी प्रत पकडली जाईल या भीतीनें पुष्कळ लोक कंपनीकडून येणाऱ्या सुधारणाही बंद ठेवितात. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर आज्ञावलीनें जगभर अनर्थ केला. ज्या छिद्रांतून ती शिरली, तें बुजविणारी सुधारणा त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत निघाली होती. ती ज्यांनीं बसविली नव्हती, तेच सांपडले.

कायदाही स्पष्ट आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें आज्ञावलींस साहित्यकृतींत स्थान मिळालें. कायदेशीर धारकास नुकसानीपासून बचाव म्हणून एक राखीव प्रत करण्याची मुभा आहे. परंतु प्रत बेकायदा आहे हें जाणून ती संगणकावर वापरणें हा कलम ६३ ब प्रमाणें गुन्हा असून, त्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० ते २,००,००० रुपये दंड सांगितला आहे. नफ्याचा हेतु नसल्यास न्यायालय कारावास न देतां दंडावर थांबूं शकतें.

येथें कोणी पालक म्हणतील, "हें सर्व खरें, पण महिन्याच्या पगारांत हे परवाने आम्हांस कसे परवडावे?" हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. परवान्याच्या अटींची भाषा दुर्बोध असते, आणि तपासणीचा जाच प्रामाणिक ग्राहकासच अधिक होतो, हेंही खरें. परंतु त्यावर उपाय चोरकिल्लीचा नाहीं. दुसरा सरळ मार्ग उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ मध्यें जी.एन.यू. या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला व १९८९ मध्यें तिच्यासाठीं जी.पी.एल. नांवाचा परवाना लिहिला. वापरा, आंत काय आहे तें पाहा, बदला, शेजाऱ्यास प्रत द्या, असें तो उघडपणें सांगतो. तोही परवानाच आहे व त्यासही अट आहे: सुधारलेली प्रत दुसऱ्यास दिली, तर तिचा मूळ मजकूरही त्याच मोकळेपणानें द्यावा. हेल्सिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेलें लिनक्स १९९२ पासून याच परवान्याखालीं आहे. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात. लेखन व हिशेब यांकरितां लिब्रेऑफिस मोफत मिळतें आणि तें मराठींतूनही वापरतां येतें.

संगणक घेतांना पालकांनीं इतकें करावें. पावतीवर प्रणालीचें नांव लिहून घ्यावें. परवाना त्याच यंत्रास बांधलेला आहे कीं पुढें नव्या यंत्रावर नेतां येईल, हें विचारावें. तयार संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. लेखनाची आज्ञावली कायमची आहे कीं वार्षिक वर्गणीची, हेंही पाहावें. मायक्रोसॉफ्टची वर्गणी संपली, तर जुने लेख उघडून वाचतां येतात, पण त्यांत फेरफार करितां येत नाहीं. विंडोज १० च्या नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या, हें ध्यानांत ठेवून जुनें यंत्र घ्यावें. आणि महत्त्वाचे फोटो व लेख यांची एक प्रत घराबाहेरील सुरक्षित ठिकाणीं ठेवावी.

त्या लॅपटॉपचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. डिस्क पुसावी लागली. आजीबाईंचे तीन फोटो काकांच्या फोनमध्यें मिळाले, बाकीचे गेले. त्या यंत्रावर मुलानें आमच्या देखत लिनक्स व लिब्रेऑफिस बसविलें. बसवितांना परवान्याचा मजकूर पडद्यावर आला, तेव्हां त्याचें बोट नेहमींप्रमाणें पुढें सरकलें व थांबलें. "सर, आधीं वाचूं का?" त्यानें विचारलें. आम्ही दोघे शेजारीं बसलों आणि तो मजकूर अर्था तास लावून वाचला. आमच्या सर्व विद्यार्थिमित्रांनीं असा अर्धा तास एकदां तरी अवश्य काढावा, एवढीच आमची विनंति आहे.