भोवरा पुसता येत नाही

आपण वडूजकर पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत खिलार खोंड घेताना भोवरा बघतो. जागा पटली नाही, की खोड काढून भाव पाडतो. आता त्या भोवऱ्याभोवती बोटानं एक फेरी घेऊया. केसांची दिशाही बरोबर एक फेरी फिरते. पाव किंवा पाऊण फेरी होत नाही. म्हणून खरारा कितीही केला, तरी ती थोडीथोडी करून शून्यावर येत नाही. याला ‘टोपोलॉजिकल दोष’ म्हणतात.

१९७६ साली टॉम किबल यांनी मांडलं, की तापलेलं विश्व निवताना असे दोष उरले असतील. पाण्यातल्या हायड्राचा तुकडा पुन्हा वाढतो, तेव्हा तंतूंचा असा दोष असतो तिथंच नवं तोंड तयार होतं.

तेव्हा भोवऱ्यावरून केस कसे वळले ते कळतं. बैलाचं किंवा आपलं नशीब नाही.