वाऱ्याचे भागीदार

डेन्मार्क देशात सामसो नावाचे एक लहानसे बेट आहे. चहूकडे समुद्र, मध्ये बटाट्याची व भाजीपाल्याची शेते आणि चार हजारांहूनही कमी वस्ती. तेथे वाऱ्याला तोटा नाही. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेल जहाजांतून येई आणि वीज समुद्रतळावरील तारेतून मुख्य भूमीवरून येई. ती वीज बहुतांशी कोळसा जाळून निर्माण होत असे.

१९९७ साली डेन्मार्क सरकारच्या एका स्पर्धेत सामसोची निवड झाली. वारा, ऊन आणि शेतातील पेंढा यांवर दहा वर्षांत बेटाने आपली गरज भागवावी, अशी ती योजना होती. बक्षीस म्हणून पैसा मिळाला नाही. मिळाली ती जबाबदारी. पुष्कळ बेटवासीयांना ही गोष्ट थट्टेचीच वाटली. परंतु बेटावरच वाढलेले सोरेन हेरमान्सेन गावोगावच्या सभांना जात राहिले आणि लोकांच्या शंका शांतपणे ऐकून घेत राहिले.

एक अडचण मोठी होती. पवनचक्की उभी राहते एकाच्या शेतात. परंतु ती दिसते साऱ्या गावाला आणि तिचा आवाज शेजाऱ्याच्याही कानी पडतो. मग लाभ एकट्यालाच का मिळावा? यातून कलह उद्भवण्याची भीती होती. तेव्हा लोकांनी चक्क्यांची मालकीच वाटून घेतली. २००० साली जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी ९ शेतकऱ्यांच्या होत्या आणि २ सहकारी संस्थांच्या. ऊस पिकवणारा शेतकरी जसा सहकारी साखर कारखान्याचा भागधारक होतो, तसेच सामान्य बेटवासी भाग विकत घेऊन या चक्क्यांचे धनी झाले. पुढे समुद्रात आणखी १० मोठ्या चक्क्या उभारल्या गेल्या. त्यांतील ५ नगरपालिकेने घेतल्या.

हिवाळ्यातील उबेचीही सोय झाली. धान्य काढल्यावर उरलेला पेंढा मोठ्या भट्टीत जाळून पाणी तापवतात आणि ते गरम पाणी जमिनीखालील नळांतून घरोघरी फिरवतात.

वारा पडला तर काय? समुद्रतळावरील तार तेव्हा उपयोगी पडते. वारा थांबला की तिच्यातून वीज येते. वारा जोराचा असला की उरलेली वीज त्याच तारेतून बाहेर जाते. मोटारी व बोटी तेलावर चालतच राहिल्या. परंतु तेवढ्या तेलाची भरपाई होईल इतकी वीज बेट मुख्य भूमीला पुरवू लागले. ठरलेल्या दहा वर्षांच्या आतच वर्षाचा हिशेब जुळला.

वारा सामसोवर पूर्वीही वाहत होता. माणसे त्याचे भागीदार झाली, तेव्हा त्याने त्यांच्या घरात दिवा लावला.