प्रेमदशेतील स्त्रीवाणी

मनातील भाव पालटला की आपले स्त्रीत्व वा पुरुषत्वही पालटते, असा अनुभव आज काही व्यक्ती सांगतात. त्या अनुभवाला मिळालेले नाव नवे आहे. परंतु भाव आणि लिंग यांचा असा संबंध तमिळ वैष्णव टीकाकारांनी कित्येक शतकांपूर्वी सूत्रबद्ध केला होता. त्यांच्यापुढील प्रश्न अर्थात एका कवीच्या वाणीचा होता.

ताम्रपर्णीकाठच्या कुरुकूरचे नम्माळ्वार (सुमारे नववे शतक) हे पुरुष. पण त्यांच्या ‘तिरुवाय्मोळि’तील १०० दशकांपैकी २७ दशके स्त्रीमुखातून येतात : १७ विरहिणी कन्येच्या, ७ तिच्या आईच्या आणि ३ सखीच्या. ही तिन्ही पात्रे प्राचीन तमिळ प्रेमकाव्यातलीच असल्याने हा निव्वळ काव्यसंकेत मानून प्रश्न मिटविता आला असता. दुसरे उत्तरही तयार होते : परमात्मा हाच एक पुरुष, सारे जीव स्त्रिया. पण तसे असेल तर आळ्वारांनी नित्यच स्त्री असावयास हवे. ते पुनःपुन्हा पुरुषवाणीकडे का परततात, ह्याचा उलगडा त्याने होत नाही.

अळगिय मणवाळ पेरुमाळ नायनार यांचे ‘आचार्यहृदयम्’ येथे अधिक सूक्ष्म आहे. आळ्वार ज्ञानदशेत स्वतःच्या वाणीने बोलतात, प्रेमदशेत स्त्रीच्या, असा त्यातील एका सूत्राचा आशय आहे. प्रेम ही ज्ञानाचीच परिपक्व दशा मानली असल्यामुळे ह्या स्त्रीत्वात उणेपणा नाही. आणखी पुढे जाऊन सखी, आई व कन्या ही प्रज्ञेच्या तीन अवस्थांचीच नावे ठरविली आहेत : ईश्वराशी असलेल्या नात्याची जाणीव म्हणजे सखी, उपायाविषयीचा निश्चय म्हणजे आई, फलप्राप्तीची तगमग म्हणजे कन्या. आधी स्त्री आणि मग तिची व्याकुळता, असा हा क्रम नव्हे. व्याकुळताच स्त्री होऊन बोलते. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांना रूपक म्हणून मोकळे होणाऱ्या समीक्षेने हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा.

मात्र ज्ञान पुरुषाकडे आणि तळमळ स्त्रीकडे, ही वाटणी ह्या सूत्रात गृहीतच आहे. आंडाळ ही मुळात स्त्री; तिच्या प्रेमाला रूपांतराची गरज नाही. पण ज्ञानदशेत तिची वाणी कोणाची, ह्याचे उत्तर नम्माळ्वारांसाठी रचलेल्या ह्या सूत्रातून मिळत नाही.