हार्डडिस्क भरली म्हणून बॅकअप थांबलाय? काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते आधी ठरवा

इचलकरंजी : पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे आकडे मोबाईलवर फिरायला लागले, की पंचगंगाकाठच्या घरांत आवराआवर सुरू होते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. जनावरं आधी हलवतात, मग धान्य, तिजोरीतली कागदं, टीव्ही, फ्रीज. संगणकाचा डबा बहुतेक वेळा शेवटी आठवतो. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 च्या जुलैत पुन्हा तशीच वेळ आली. दोन्ही वेळेला सरकारी पंचनाम्यात भिंती, भांडी, माग आले. संगणकात काय होतं ते पंचनाम्यात येत नाही, आणि त्याची भरपाईही कुणी देऊ शकत नाही.

इचलकरंजीत घरातला संगणक हा नुसता घरातला नसतो. खाली माग, वर घर, आणि जिन्याजवळच्या टेबलावर एकच संगणक. त्यावर सकाळी दिवाणजी बिलं आणि जीएसटीचं बघतो, दुपारी कुणीतरी डॉबीचं डिझाइन उघडतं, रात्री पोरं त्याच्यावरच सिनेमा बघतात. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा मजुरीचा हिशोब, कुठल्या पार्टीचे किती बीम आले आणि किती मीटर कापड गेलं, हे सगळं त्यातच. शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यात शेती असली तर उसाच्या पावत्या स्कॅन करून ठेवलेल्या. आणि लग्नाचं शूटिंग तर असतंयच.

बॅकअप घ्यावा हे आता बहुतेकांना कळलंय. बाहेरची हार्डडिस्क पण बऱ्याच घरांत आहे. अडतंय ते पुढं. चार महिन्यांत डिस्क भरते, संगणक ‘जागा नाही’ म्हणतो, आणि तिथनं पुढं बॅकअप बंद. घरातल्यांना वाटतं डिस्क आहे म्हणजे बॅकअप आहे. प्रत्यक्षात त्यातला माल जुना असतो.

पहिला गैरसमज आकड्याचा. डब्यावर 1 टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोजमध्ये लावली की 931 जीबीच दिसते. दुकानदारानं फसवलं असं वाटतं, पण तसं नाही. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज 1024 च्या. माल तेवढाच, मापटं वेगळं.

आता समजा, एका घरातला सगळा डेटा 180 जीबी आहे. दर आठवड्याला हौसेनं सगळाच्या सगळा नव्या फोल्डरात कॉपी केला, तर पाच आठवड्यांत 900 जीबी झाले. सहावी कॉपी बसतच नाही. बहुतेक घरांत नेमकं हेच झालेलं असतं. त्या पाचही फोल्डरांत तेच लग्न, तेच फोटो, त्याच जुन्या पावत्या. बदललेलं असतं ते आठवड्याचं दोन-एक जीबी.

म्हणून पहिल्यांदा पूर्ण कॉपी आणि नंतर फक्त नवं किंवा बदललेलं घ्यायचं. याला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतात. वरच्याच हिशोबात पहिले 180 आणि पुढं आठवड्याला 2 धरले, तर वर्षाचे 52 आठवडे मिळून 104 जीबी. एकूण 284. तीच डिस्क, वर्ष झालं तरी एक तृतीयांशही भरली नाही. याची एक अडचण मात्र आहे. परत काढताना पहिली पूर्ण कॉपी आणि मधल्या सगळ्या कड्या लागतात. एक कडी बिघडली तर पुढचं अडकू शकतं. त्यामुळं तीन-चार महिन्यांनी एक नवीन पूर्ण कॉपी करायची. ती झाली, उघडून बघितली, मगच सगळ्यात जुनी पुसायची. जागा होत नाही म्हणून आधी जुनी पुसली आणि नवी होताना वीज गेली, तर हातात काहीच राहत नाही. इथल्या विजेचा भरवसा सांगायला नको.

विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री नावाची सोय विंडोज 8 पासून आहे. कंट्रोल पॅनलमधून चालू केली की ती दर तासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती ठेवते. पण ती मुळात ‘कायम ठेवा’ अशी लावलेली असते, म्हणून डिस्क भरते. त्यातल्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ‘अनटिल स्पेस इज नीडेड’ निवडलं, की जागा लागेल तशा जुन्या प्रती ती आपोआप काढते. दर तासाऐवजी दिवसातनं एकदा केलं तरी घरच्या कामाला भागतंय. इथं एक मोठा खड्डा आहे. ही सोय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठराविक फोल्डरांचीच नक्कल घेते. टॅलीचा डेटा बऱ्याचदा या फोल्डरांच्या बाहेर असतो. म्हणजे पोरांचे फोटो सुरक्षित आणि धंद्याचा हिशोब उघड्यावर. टॅलीमधनं वेगळा बॅकअप घ्यायचा आणि तो तारखेच्या नावाच्या फोल्डरात ठेवायचा. रोज त्याच फोल्डरात घेतला तर जुन्यावर नवा बसायचा धोका असतो आणि मागचा हिशोब बघायची सोय राहत नाही.

जागेचा खरा प्रश्न मात्र काय ठेवायचं याचा आहे. घरात ज्याच्यावर जीव अडकलेला असतो आणि ज्यानं डिस्क भरते, त्या दोन वेगळ्या गोष्टी निघतात. छोट्या कारखान्याचा कित्येक वर्षांचा हिशोब काही शे एमबीत बसतो. एका लग्नाचा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा प्रत्येक फोल्डरकडं बघून एकच विचारायचं : हे गेलं तर परत मिळतं का? विंडोज आणि प्रोग्रॅम परत टाकता येतात. सिनेमे आणि गाणी मिळतात. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, भरलेली जीएसटी विवरणपत्रं पोर्टलवर असतात, बरेच दाखले डिजिलॉकरमध्ये सापडतात. याच्या पाच-पाच नकला ठेवून उपयोग नाही. पण खरेदी-विक्रीची मूळ बिलं, मजुरीच्या नोंदी, स्वतः बसून काढलेलं डिझाइन, गेलेल्या आजीचा आवाज, हे कुठल्याच पोर्टलवर नसतं. शिवाय जीएसटी कायद्यानं हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. पुरात गेली म्हणून तपासणीच्या वेळी हात वर केले तरी त्रास चुकत नाही.

व्हॉट्सॲपचं फोल्डर हे जागेचं सगळ्यात मोठं गळतं. फोन भरला की तो संगणकात ओततात, पुढच्या वेळी परत सगळा ओततात, आणि ‘न्यू फोल्डर’ ते ‘न्यू फोल्डर 7’ अशी रांग लागते. एकच गुड मॉर्निंग सात ठिकाणी. फाइली आकारानुसार लावल्या की वरच्या वीस-पंचवीस फाइलींतच निम्मा प्रश्न दिसतो. तेवढं एक दुपार बसून साफ केलं तरी नवी डिस्क घ्यायची वेळ बऱ्याच घरांत टळेल.

झिप करून जागा वाचवायचा सल्ला सगळे देतात, पण तो सगळीकडं चालत नाही. मोबाईलचे फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबून बसवलेले असतात. झिप केलं तरी जवळजवळ तेवढेच राहतात, वेळ मात्र जातो. डिझाइनच्या बीएमपी फाइलींचं उलटं आहे. त्यात मोजकेच रंग आणि तोच तो चौकडा असतो, त्यामुळं त्या झिपमध्ये खूप बारीक होतात आणि उघडल्यावर एक ठिपकाही इकडचा तिकडं होत नाही. जकार्ड-डॉबीवाल्यांनी हे करून बघावं.

पेन ड्राइव्हवर जागा असून मोठी फाइल जात नाही, अशी तक्रार नेहमीची. जुने आणि लहान पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 पद्धतीचे असतात. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, मग ड्राइव्ह रिकामा असला तरी. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केल्यावर चालतं. पण फॉरमॅटनं आतलं सगळं पुसतं, आधी ते काढून घ्यायचं.

गूगलची फुकट जागा 15 जीबी, ती पण मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजतात, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पण. म्हणून तिथं शूटिंग टाकायचंच नाही. हिशोब, बिलं, डिझाइनची झिप आणि निवडक फोटो एवढंच ठेवलं, तर बहुतेक घरांना 15 जीबी पुरते. हा माल नदीपासून सगळ्यात लांब असतो, हे महत्त्वाचं.

डिस्क कायम संगणकाला लावून ठेवायची सवय मोडलेली बरी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही सोडत नाही. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात.

आणि ते कपाट तळमजल्यावर असेल तर 2019 सारखं पाणी आल्यावर संगणक आणि बॅकअप एकाच दिवशी जातात. बियाणं आणि विकायचा माल कुणी एका कणगीत ठेवत नाही. दोन लहान डिस्क एका मोठीपेक्षा इथं जास्त कामाच्या. एक घरात वरच्या मजल्यावर, दुसरी नदीपासून लांबच्या पाहुण्यांकडं. वर्षातनं दोन-तीनदा अदलाबदल करायची. कर्नाटकी बेंदूर जूनच्या आसपास येतो, पाहुणे येतात-जातात, पुराचे दिवस अजून पुढं असतात. अदलाबदलीला ती वेळ चांगली. दुसऱ्याच्या घरी ठेवायची डिस्क पासवर्डनं बंद केलेली असावी, आणि तो पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असावा.

एवढं करूनही डिस्क पाण्यात गेलीच, तर ती वाळवून लगेच लावून बघायची घाई करू नये. आत चिखलाचा कण राहिलेला असला आणि वीज दिली, की तबकडीवर ओरखडे पडतात आणि जे निघालं असतं ते पण जातं. हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवायची नको, स्वतः उघडायची तर अजिबात नको. बंदच ठेवून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडं न्यायची. हे काम महाग पडतं, त्यामुळं आत नेमकं काय होतं याची यादी कागदावर लिहिलेली असली तर खर्च करायचा का नाही, हे घरातल्यांना ठरवता येतं.